मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१५ सप्टेंबर १८६१ – १४ एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंता, प्रशासक, म्हैसूर संस्थानाचे दिवाण आणि नियोजनबद्ध औद्योगिक विकासाचे पुरस्कर्ते होते. काही नोंदींत त्यांचे जन्मवर्ष १८६० असे आढळते. त्यांचे नाव आज प्रामुख्याने कृष्णराजसागर धरणाशी जोडले जात असले, तरी त्यांच्या अभियांत्रिकी कारकिर्दीची पहिली सुमारे २५ वर्षे तत्कालीन मुंबई इलाख्यात गेली. नाशिक, खानदेश, सुरत, सिंध आणि विशेषतः पुणे ही त्यांची कर्मभूमी होती. खडकवासला धरणाच्या सांडव्यावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे, तसेच दख्खनच्या कालव्यांसाठी मांडलेली पाणीवाटपाची गटपद्धत ही या काळातील त्यांची दोन महत्त्वाची कामे होत. यांपैकी स्वयंचलित दरवाज्यांच्या मूळ कल्पनेचे श्रेय नेमके कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. भारत सरकारने त्यांना १९५५ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी या खेड्यात एका तेलुगूभाषक ब्राह्मण कुटुंबात झाला. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांच्या आंध्रातील गावाचे नाव. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे जाणकार होते. विश्वेश्वरय्या शालेय वयात असतानाच वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती बिकट झाली. पुढील शिक्षणासाठी ते बंगळूरला मामांकडे गेले. तेथील सेंट्रल कॉलेजात शिकत असताना खर्च भागविण्यासाठी त्यांनी शिकवण्या केल्या.

पदवी मिळाल्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हीच संस्था पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. १८८३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या अंतिम परीक्षेत ते इलाख्यात पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कली पारितोषिक मिळाले. त्या काळी या परीक्षेत अव्वल येणाऱ्यास मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट नेमणूक मिळे. त्यानुसार १८८४ मध्ये ते साहाय्यक अभियंता म्हणून नाशिक येथे रुजू झाले.

मुंबई इलाख्यातील सेवा

नेमणुकीनंतर लवकरच त्यांच्याकडे खानदेशातील एक अवघड काम आले. धुळ्याच्या पश्चिमेस पांझरा नदीवर दातर्ती गावाजवळ पाटाचे पाणी नदीच्या पात्राखालून नळाने पलीकडे नेणारी वक्रनलिका बांधायची होती. पावसाळा तोंडावर आला होता आणि पात्रात वाळू भरत होती. काम पावसाळ्यानंतर हाती घ्यावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले, परंतु ही सूचना त्यांच्या कामचुकारपणाची निदर्शक मानली गेली. त्यानंतर त्यांनी मध्ये आलेल्या पुरांना व आजारपणाला न जुमानता काम तडीस नेले. वरिष्ठांचा ग्रह बदलला आणि त्यांच्या बढतीचा मार्ग मोकळा झाला.

१८९० च्या दशकात सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. सिंधू नदीचे पाणी अतिशय गढूळ असे आणि गाळणी बांधण्यासाठी नगरपालिकेकडे पुरेसा निधी नव्हता. त्यांनी नदीपात्रातच विहीर खणून वाळूच्या थरातून झिरपून आलेले पाणी वापरण्याची योजना आखली. निसर्गातील वाळूलाच गाळणी बनविणारी ही युक्ती कमी खर्चाची व परिणामकारक ठरली. त्यानंतर त्यांनी सुरत येथे काम केले. १८९८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला. अल्पावधीत औद्योगिक राष्ट्र बनलेल्या या देशाचा ठसा त्यांच्या पुढील विचारांवर कायम राहिला.

१८९९ मध्ये पुण्यात पाटबंधारे खात्याचे कार्यकारी अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय होता. डेक्कन क्लबच्या उभारणीतही त्यांनी पुढाकार घेतला. रानड्यांच्या अर्थविचारातील स्वदेशी उद्योगांचा आग्रह आणि विश्वेश्वरय्या यांचे पुढील औद्योगिक कार्य यांतील नाते अभ्यासकांना जाणवते.

खडकवासला येथील स्वयंचलित दरवाजे

मुठा नदीवरील खडकवासला धरण १८६९ ते १८७९ या काळात कर्नल फाइफ यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. त्यामुळे त्याच्या जलाशयास फाइफ तलाव असे नाव होते. पुणे शहर, लष्करी छावणी आणि मुठा कालव्याखालील शेती या तिन्हींची गरज याच पाण्यावर भागत असे. शतकाच्या अखेरीस मागणी वाढली, मात्र साठा तेवढाच राहिला. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचा लोट वाहून जाई, तर उन्हाळ्यात पाणी अपुरे पडे.

सांडव्याची भिंत कायमची उंच करणे हा वरवर पाहता सोपा उपाय होता. परंतु भिंत जितकी उंच, तितकी पुराच्या वेळची पाणीपातळीही वर चढते. त्यामुळे मूळ धरणावर येणारा दाब वाढतो आणि वरच्या बाजूची जमीन बुडते. म्हणून पूर असताना सांडवा पूर्वीइतकाच मोकळा असावा आणि पूर ओसरताच तो उंच व्हावा, अशी दुहेरी व्यवस्था आवश्यक होती. साध्या दरवाज्यांनी हे साधता येते, पण ते उघडायला माणसे लागतात. घाटमाथ्यावर रात्री मुसळधार पाऊस झाला आणि पहारेकऱ्याला वेळेवर दरवाजे उघडता आले नाहीत, तर धरण धोक्यात येते. दरवाज्यांनी आपले आपण उघडावे आणि मिटावे, ही गरज या अडचणीतून निर्माण झाली.

विश्वेश्वरय्या यांनी आखलेली रचना तराजूसारखी होती. सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसविले होते. ते गटागटाने साखळ्यांच्या साहाय्याने कप्प्यांवरून एका जड प्रतिभाराला जोडलेले होते. हा प्रतिभार दगडी बांधकामाच्या एका खोल हौदात लोंबत असे. हौद कोरडा असताना प्रतिभाराचे वजन दरवाज्यांपेक्षा अधिक भरे, त्यामुळे दरवाजे वर उचललेले, म्हणजे बंद स्थितीत राहत. जलाशयाची पातळी ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढली की पाणी एका वाटेने हौदात शिरे. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके कमी भासते, या आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार प्रतिभार हलका होई. दरवाज्यांचे पारडे जड होऊन ते खाली सरकत आणि पुराचे पाणी वाहू लागे. पातळी उतरली की हौदात येणारे पाणी थांबे. हौदातील पाणी तळाच्या लहान छिद्रातून निघून जाई, प्रतिभार पुन्हा जड होई आणि दरवाजे वर येऊन मिटत. या सर्व क्रियेत इंधन, यंत्र वा मनुष्यबळ लागत नसे.

१९०३ च्या सुमारास ही व्यवस्था कार्यान्वित झाली. तिच्यामुळे जलाशयाची साठवण पातळी मूळ सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट नेता आली आणि धरणाची मूळ भिंत उंच करावी लागली नाही. या रचनेचे एकस्व विश्वेश्वरय्या यांनी स्वतःच्या नावे घेतले. सरकारी नोकरीत असताना सरकारी कामासाठी केलेल्या संशोधनावर स्वामित्वधन घेणे उचित नाही, या भूमिकेतून त्यांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिगरा धरणावर व म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर या प्रकारचे दरवाजे वापरण्यात आले. तिगरा धरण १९१७ मध्ये फुटले. त्याचे कारण मात्र दरवाज्यांत नव्हते. पायाच्या वालुकाश्मातून झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने ते धरण खचले होते.

दरवाज्यांच्या श्रेयाचा वाद

लोकप्रिय चरित्रांत आणि शालेय पुस्तकांत स्वयंचलित दरवाजे ही सर्वस्वी विश्वेश्वरय्या यांची कल्पना मानली जाते. काही ठिकाणी तर ते अशा प्रकारचे जगातील पहिले दरवाजे होते, असाही उल्लेख येतो. पाटबंधारे अभियांत्रिकीच्या त्या काळातील ग्रंथांत मात्र वेगळे चित्र दिसते. खडकवासल्यापूर्वीच नीरा खोऱ्यात, भोरजवळच्या जुन्या भाटघर धरणाच्या सांडव्यावर रेनॉल्ड या ब्रिटिश अभियंत्याच्या नावाने ओळखले जाणारे स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले होते. पाण्याच्या कुंडात बुडणारा प्रतिभार हलका होतो आणि दरवाज्याची हालचाल घडवितो, हे तत्त्व त्या रचनेतही वापरलेले होते. ही दोन्ही धरणे पुणे जिल्ह्यात असून एकाच सरकारी खात्याच्या अखत्यारीत होती. त्यामुळे विश्वेश्वरय्या यांना भाटघरच्या दरवाज्यांची माहिती असणे स्वाभाविक होते.

तरीही दोन्ही रचनांतील फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. खडकवासल्याला अनेक दरवाज्यांचे गट करून प्रत्येक गट सामायिक प्रतिभाराने हलविण्यात आला. शिवाय आधीच बांधून झालेल्या धरणाला धोका न पोहोचविता त्याची साठवण क्षमता वाढविणे, हा या दरवाज्यांचा मुख्य उद्देश होता. म्हणून या वादात तीन प्रश्न वेगळे करून पाहणे उपयुक्त ठरते. प्रतिभार पाण्यात बुडवून दरवाजा चालविण्याचे तत्त्व विश्वेश्वरय्या यांच्या आधीचे आहे. त्या तत्त्वाला गटवार, मोठ्या प्रमाणावर वापरता येईल असे रूप देण्याचे व त्याचे एकस्व मिळविण्याचे श्रेय त्यांचे आहे. आणि ही पद्धत पुढे अनेक धरणांवर रुजली, ती प्रामुख्याने त्यांच्याच नावाने रुजली.

या तिसऱ्या बाबीमुळे गोंधळ अधिक वाढला. जुन्या भाटघर धरणाच्या जवळच खालच्या अंगाला १९२० च्या दशकात नवे, अधिक उंच लॉईड धरण पूर्ण झाले. त्याच्या सांडव्यावरील ४५ स्वयंचलित दरवाजे आजही दर पावसाळ्यात बातम्यांचा विषय असतात. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी आरंभलेल्या राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजेही असेच प्रसिद्ध आहेत. या सर्व दरवाज्यांचे जनकत्व लोकांनी सरसकट विश्वेश्वरय्या यांना बहाल केले. त्यामुळे रेनॉल्ड यांचे नाव अभियांत्रिकीच्या जुन्या ग्रंथांपुरतेच उरले. पारतंत्र्याच्या काळात एका भारतीय अभियंत्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीने संशोधन केले, ही गोष्ट समाजाला मोलाची वाटली. श्रेय एकाच नावाभोवती गोळा होण्यामागे हेही एक कारण आहे.

अशा प्रकारचे वाद स्वयंचलित यंत्रणांच्या इतिहासात वारंवार आढळतात. जुन्या मोटारगाड्यांतील स्वयंचलित गिअरची कथा याच जातीची आहे. अमेरिकेतील बोस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास अशी एक यंत्रणा बनविली. जर्मनीतील हेर्मान फॉटिंगर यांनी जहाजांसाठी द्रवाच्या माध्यमातून शक्ती पोहोचविणारी जोडणी शोधली. कॅनडाचे आल्फ्रेड मन्रो यांनी १९२० च्या दशकात हवेच्या दाबावर चालणारी रचना केली. १९३० च्या दशकात ब्राझीलमधील दोन अभियंत्यांनी द्रवचलित रचना तयार केल्याचा दावा केला जातो. प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली यंत्रणा १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक या नावाने आणली. कल्पना सुचणारा, ती चालवून दाखविणारा आणि ती सर्वत्र पोहोचविणारा हे अनेकदा वेगवेगळे असतात. पहिला कोण, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणत्या टप्प्याला महत्त्व द्यायचे यावर ठरते. खडकवासल्याच्या दरवाज्यांनाही हाच निकष लागू पडतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासला धरणही भंगले. पुणे शहरात हाहाकार उडाला. पुढे धरणाची पुनर्बांधणी झाली, मात्र विश्वेश्वरय्या यांच्या मूळ योजनेचा इतिहास या दुर्घटनेपाशी थांबला. दरवाजे जितक्या पाण्याचा हिशेब धरून योजले होते, त्याच्या कितीतरी पट पाणी वरचे धरण फुटल्यामुळे एकाच वेळी आले होते. त्या वेळी विश्वेश्वरय्या हयात होते.

पाणीवाटपाची गटपद्धत

पाणी साठविण्याइतकाच ते वाटण्याचा प्रश्न विश्वेश्वरय्या यांना महत्त्वाचा वाटत असे. मुठा कालव्यावरील ऊस बागायतदार पाण्याचा मनमानी वापर करीत. कालव्याच्या सुरुवातीची शेते तुडुंब भिजत आणि शेवटच्या टोकाच्या गावांना पाणी मिळत नसे. त्यांनी ठरावीक दिवसांच्या पाळीने पाणी सोडण्याची पद्धत सुरू केली. तिला बागायतदारांनी कडाडून विरोध केला. पुण्याच्या वृत्तपत्रांतही या धोरणावर टीका झाली. अती पाण्याने जमीन चिबड होते आणि पाळीने दिलेल्या पाण्यावरही पीक उत्तम येते, हे पटवून देण्यासाठी त्यांना बराच काळ खर्च करावा लागला.

यातूनच पुढे गटपद्धत विकसित झाली. कालव्याखालील सर्व जमीन भिजविण्याऐवजी प्रत्येक गावात योग्य जमिनीचे ठरावीक गट निवडायचे. गटातील जमिनीचा काही भाग उसासाठी, काही भाग भात किंवा हंगामी पिकांसाठी आणि उरलेला कमी पाण्याच्या पिकांसाठी राखायचा. या भागांची फेरपालट करीत राहायची आणि गटाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची. अशी या पद्धतीची रूपरेषा होती. पाण्याचा लाभ मूठभर गावांत न साचता अधिकाधिक गावांत पसरावा आणि फेरपालटीने जमिनीचा कस टिकावा, असा तिचा हेतू होता. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय पाटबंधारे आयोगापुढे (१९०१–१९०३) त्यांनी आपले म्हणणे मांडले. नीरा कालव्यावर ही पद्धत लागू झाली आणि पुढे दख्खनच्या इतर कालव्यांनीही ती स्वीकारली.

भंडारदरा आणि दख्खनचे कालवे

१८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा भरपूर पाऊस घाटाजवळच अडवून तो पूर्वेकडील अवर्षणग्रस्त पट्ट्यास द्यावा, हा विचार पाटबंधारे आयोगाच्या काळात बळावला. दारणा, भंडारदरा आणि नवे भाटघर ही धरणे याच धोरणातून उभी राहिली.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर भंडारदरा धरणाचे बांधकाम १९१० मध्ये सुरू झाले. विश्वेश्वरय्या तोपर्यंत मुंबई इलाख्याची सेवा सोडून गेले होते. त्यामुळे या धरणाच्या उभारणीचे श्रेय त्यांना देता येत नाही. या प्रकल्पाशी आर्थर हिल या अभियंत्याचे नाव निगडित असून जलाशयास आर्थर तलाव म्हणतात. सुमारे २७० फूट उंचीचे हे दगडी धरण डिसेंबर १९२६ मध्ये पूर्णत्वास गेले. उद्घाटन करणारे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्यास विल्सन धरण हे नाव मिळाले. जलाशयाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत वळते.

विश्वेश्वरय्या यांचा प्रवरा खोऱ्याशी आलेला संबंध वैचारिक स्वरूपाचा होता. दख्खनच्या कालव्यांवर रुजलेल्या गटपद्धतीने प्रवरा काठच्या बागायतीला आकार दिला. हमीच्या पाण्यामुळे ऊस स्थिरावला आणि हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. या वाटचालीची दुसरी बाजूही आहे. गटपद्धतीचा मूळ हेतू पाणी अधिक गावांत पसरविण्याचा होता, परंतु कालांतराने उसाचा वाटा वाढत गेला आणि पुन्हा मोजक्या क्षेत्रात पाणी एकवटले. ज्यांच्या डोंगराळ मुलुखात पाणी अडविले गेले, त्या अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांना या समृद्धीचा अल्पसाच वाटा मिळाला. पाणी कोणासाठी, हा विश्वेश्वरय्या यांनी मुठा कालव्यावर उपस्थित केलेला प्रश्न प्रवरा खोऱ्यातही कायम राहिला.

हैदराबाद व म्हैसूर

अनेक वरिष्ठांना ओलांडून बढती मिळाली असली, तरी भारतीय माणसाला मुंबई इलाख्याचे मुख्य अभियंतापद मिळण्याची शक्यता त्यांना दिसत नव्हती. १९०८ मध्ये त्यांनी सेवेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि ते परदेश दौऱ्यावर गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची प्रचंड हानी केली. निजाम सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी पूरनियंत्रणाची योजना तयार केली. शहराच्या वरच्या बाजूस जलाशय बांधून पूर तेथेच अडवावा, अशी शिफारस त्यांनी केली. उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय तिचे फलित होत.

नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. या धरणाचे श्रेयही एकट्या विश्वेश्वरय्या यांना देणे योग्य नाही, असे काही अभ्यासक मानतात. संस्थानाचा पैसा पणाला लावणारे महाराज चौथे कृष्णराज वडियार आणि विश्वेश्वरय्या यांच्यानंतर दीर्घकाळ काम पुढे नेणारे अभियंते यांचा वाटाही तेवढाच मोठा होता.

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) आणि बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९१७) या संस्था त्यांच्या कारकिर्दीत स्थापन झाल्या. चंदन तेल, साबण व भद्रावतीचा लोखंड कारखाना या उद्योगांनाही त्यांनी चालना दिली. १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी त्यांचे मतभेद झाले. नेमणुकीचा आधार गुणवत्ता असावा, अशी त्यांची भूमिका होती, तर शिक्षणाची संधीच न मिळालेल्यांना गुणवत्ता कशी सिद्ध करता येईल, असा विरोधी पक्षाचा सवाल होता. या मतभेदांच्या पार्श्वभूमीवर त्यांनी दिवाणपद सोडले. त्यांच्या कार्याच्या मूल्यमापनात हा मुद्दा आजही चर्चिला जातो.

मुंबईतील उत्तरकाळ आणि मोटार उद्योग

दिवाणपदानंतरही त्यांचा मुंबईशी संबंध टिकून राहिला. मुंबई सरकारच्या तांत्रिक व औद्योगिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष होते (१९२१–२२). टाटा लोखंड व पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावर ते अनेक वर्षे होते.

१९३० च्या दशकात त्यांनी मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना हाती घेतली. वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी युरोप व अमेरिकेतील मोटार कारखान्यांची पाहणी केली आणि सविस्तर आराखडा तयार केला. उद्योगपती वालचंद हिराचंद या योजनेत सामील झाले. १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिच्याविषयी अनुकूलता दाखविली. तथापि केंद्रातील ब्रिटिश सरकारचे सहकार्य मिळाले नाही आणि महायुद्धामुळे योजना रेंगाळली. अखेर १९४४ मध्ये वालचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ला येथे तिच्या गाड्या तयार होऊ लागल्या. भारतीय मोटार उद्योगाचा पाया कोणी घातला, याविषयीही म्हणूनच दोन मते आढळतात. आराखडा विश्वेश्वरय्या यांचा होता, तर भांडवल आणि जोखीम वालचंद यांची. त्याच सुमारास बिर्ला समूहाने हिंदुस्थान मोटर्सची स्थापना केली होती.

लेखन

रिकन्स्ट्रक्टिंग इंडिया (१९२०) आणि प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया (१९३४) हे त्यांचे ग्रंथ महत्त्वाचे मानले जातात. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी दहा वर्षांच्या नियोजनाचा आराखडा मांडला. स्वातंत्र्योत्तर पंचवार्षिक योजनांच्या पूर्वसुरींत त्याची गणना होते. मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ (१९५१) हे त्यांचे आत्मकथन आहे. त्यात खाजगी जीवनाविषयी फारच थोडे असून कामाचा वृत्तान्तच प्रामुख्याने येतो. खडकवासल्याचे दरवाजे व गटपद्धत यांची त्यांच्या बाजूची हकीकत या पुस्तकात मिळते.

मृत्यू व स्मृती

१४ एप्रिल १९६२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मगावी, मुद्देनहळ्ळी येथे, त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६० मध्ये, त्यांच्या हयातीतच, त्यांच्यावर टपाल तिकीट काढले होते. नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. कर्नाटकातील तंत्रशास्त्र विद्यापीठासही त्यांचे नाव देण्यात आले आहे. महाराष्ट्रात भाटघर व राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडले की त्यांचे नाव हमखास घेतले जाते. त्या दरवाज्यांमागील मूळ तत्त्व त्यांच्या आधीचे असले, तरी सह्याद्रीच्या पाण्याचा काटेकोर हिशेब आणि न्याय्य वाटप यांचा त्यांनी धरलेला आग्रह ही त्यांची महाराष्ट्राला मिळालेली निर्विवाद देणगी मानली जाते.